नऊवार फळी

वसुमतीनं दार ढकललं, चपला कोपऱ्यात काढल्या, बॅग खाली ठेवली आणि मान वर केली, तर समोर आईचं लुगडं.

ते झोपाळ्यावर नव्हतं, दांडीवर नव्हतं आणि ट्रंकेतही नव्हतं. बैठकीच्या खोलीत चार स्टुलांवर साडेदहा फूट लांबीची, होडीसारख्या नाकाची एक जाड फळी आडवी झाली होती, आणि तिच्यावर ते घड्या घालून चिकटवलेलं होतं. वर काचेसारखा चकचकीत थर. मरून रंगावरच्या बारीक पिवळ्या चौकड्या आईच्या अंगावर चाळीस वर्षांत इतक्या स्वच्छ कधी दिसल्या नव्हत्या.

फळीपाशी तिचे वडील शेषगिरीराव उभे होते. वय पासष्ट, अंगात भोकाभोकांची बनियन, कमरेची वेष्टी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात रंगाचा ब्रश. ब्रश वाळून लाकडासारखा झाला होता, पण त्यांनी तो सोडला नव्हता. बहुधा सुटत नव्हता.

“आलीस काय? गाडी वेळेवर होती की,” ते म्हणाले. “तेवढा पंखा लावू नोको. धूळ बसते.”

“अप्पा, हे काय आहे?”

“फळी.”

“फळीवर काय आहे?”

शेषगिरीरावांनी फळीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग हातातल्या ब्रशाकडे पाहिलं. “तू पत्र लिहिलं होतंस,” ते म्हणाले. “लुगडं ट्रंकेतनं काढा, झोपाळ्यावर वाऱ्याला घाला, डांबरगोळ्यांचा वास जाऊ दे. काढलं. घातलं. तिथपर्यंत अस्कं एकूणएक तुझ्या पत्राप्रमाणेच झालं.”

तंजावरातली शुक्रवारची सकाळ होती. साडेसहा वाजले होते. आठ वाजता पापनाशमहून ताराबाई अत्या चार बायकांना घेऊन येणार होती, आणि ती येणार होती ती या लुगड्यासाठीच.

त्या घराण्याचा रिवाज असा होता. घरातली बाई सवाष्ण गेली, की वर्ष सरल्यावर एका शुक्रवारी सुमंगली प्रार्थना करायची. पाटावर तिचं लग्नातलं नऊवार लुगडं घडी करून ठेवायचं, शेजारी दिवा लावायचा, हळदकुंकू वाहायचं, आणि ती बाईच येऊन बसली आहे असं समजून तिच्यापुढं केळीचं पान मांडून जेवायला वाढायचं. आलेल्या सवाष्णींनी नमस्कार करायचा. मग ते लुगडं घरच्या मुलीनं उचलायचं आणि नेसायचं. वसुमती एकुलती एक मुलगी. आई गेल्यावर तिनं बांगड्या मागितल्या नव्हत्या, कुड्या मागितल्या नव्हत्या. लुगडं तेवढं मागितलं होतं. आई ते दिवाळीला आणि आवणी महिन्यातल्या शुक्रवारी नेसायची, आणि संध्याकाळपर्यंत त्याला तुपाचा नि वेलदोड्याचा वास लागलेला असायचा.

वसुमतीनं वाकून वास घेतला. सडक्या मासळीसारखा वास आला.

“तो हार्डनरचा, रेझिन घट्ट करतो त्याचा,” शेषगिरीराव म्हणाले. “आठ दिवसांत जातो.”

तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात. वसुमतीची आग तळपायात नव्हतीच. ती वर्षभर मस्तकातच होती, आता फक्त तिला जागा मिळाली. तिच्या नवऱ्यानं मद्रासच्या स्टेशनवर तिला गाडीत बसवताना सांगितलं होतं, “जाऊन भांडू नकोस.” ती म्हणाली होती, “मी कशाला भांडू?” आणि तेव्हा तिला ते खरंच वाटलं होतं.

ही फळी अचानक उगवली नव्हती. शेषगिरीरावांनी पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. कावेरीचं पाणी कुठल्या कालव्यात किती चढलं हे काठावरच्या पट्टीवर वाचायचं आणि वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. अर्ध्या तालुक्यातलं भात त्यांच्या सहीनं भिजलं, पण ते स्वतः गुडघ्यापुढे पाण्यात कधी गेले नव्हते. पोहता येत नव्हतं. राजमबाई, म्हणजे वसुमतीची आई, पाहुण्यांच्या देखत म्हणायच्या, “अस्क्या जिल्ह्याला पाणी सोडतात, आणि यांना आंघोळीला तांब्या लागतो.” पाहुणे हसायचे. शेषगिरीराव मान खाली घालून कॉफी प्यायचे.

राजमबाई गेल्या आणि तेरावा झाल्यावर पंधरा दिवसांत शेषगिरीरावांनी घरात केबल घेतली. गल्लीतल्या सगळ्यांनीच त्या वर्षी घेतली होती. कुठल्याशा परदेशी चॅनेलवर त्यांना समुद्रात फळीवर ताठ उभा राहून लांब वल्ह्यानं पाणी कापत जाणारा एक म्हातारा दिसला. दुसऱ्या दिवसापासून ते दक्षिण रस्त्यावरच्या टीव्ही-फ्रिजच्या दुकानापुढं उभे राहायला लागले. त्या दिवसांत तंजावरात रोज कुणाच्या तरी घरी नवा फ्रिज जात होता, आणि खोक्यातला थर्माकोल दुकानदार गटाराकडेला टाकत होता. शेषगिरीराव तो छत्रीसारखा डोक्यावर धरून घरी आणायचे.

हे सगळं ते पत्रातून कळवायचे. तमिळ अक्षरात लिहिलेली मराठी पत्रं, दर महिन्याला एक. थर्माकोलची जाडी किती, वल्ह्याचा बांबू कुठला, मधोमध सागाची पट्टी का घातली. आईबद्दल एक ओळ नाही. वसुमतीनं एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. लुगडं वाऱ्याला घाला, एवढंच शेवटी लिहिलं, आणि तेही यांनी असं वाचलं.

“मज सांगू दे तरी,” शेषगिरीराव म्हणाले. “पहिली फळी विरघळली.”

“विरघळली?”

“स्वस्तातलं रेझिन थर्माकोलला खातं. मज काय माहीत? ओतलं, ब्रश फिरवला, आणि फळी आपली खाली खाली जायला लागली. तळलेलं अप्पळम आमटीत बुडवल्यागत. दहा मिनिटांत चार स्टुलं उरली. मग तिरुचीला पाण्याच्या टाक्या करणारा एक आहे, तो म्हणाला, सार, एपॉक्सी घ्या, ते काही खात नाही.”

“ते लुगडं खातं.”

“ऐक तरी. एपॉक्सी हार्डनरमध्ये एकदा मिसळलं की घट्ट व्हायचं थांबत नाही. डब्यावर चाळीस मिनिटं लिहिलंय, पण तो डबा तंजावरात कधी आला नसेल. इथं पंधरा. म्हणून मी पहाटे पाचला मिसळलं, गारव्यात. खालची बाजू मागच्या आठवड्यात झाली होती, आज वरची. रेझिनखाली घालायचं फायबरचं कापड उलगडलं तर सहाच फूट! बाकीचं पहिल्या फळीबरोबर गेलेलं, माझ्या ध्यानातच नाही. इकडं बादली तापली. हात लावता येईना. धूर यायला लागला. बादलीचं बूड मऊ पडलं, तेव्हा मी ते उरुळीत ओतलं.”

“कसल्या उरुळीत?”

शेषगिरीरावांनी ब्रशानंच आत दाखवलं. वसुमतीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. उंबऱ्यावर आईची पायस शिजवायची पसरट काशाची उरुळी होती. तिच्या मधोमध लाकडी डाव ताठ उभा होता, कुणी न धरता.

“अय्यो, अप्पा!”

“आणि समोर झोपाळ्यावर नऊ वार कापड होतं.”

“ते कापड नव्हतं!”

“त्या पंधरा मिनिटांत होतं,” शेषगिरीराव खरं ते बोलले.

खरं बोलणाऱ्या माणसाचा राग सर्वांत जास्त येतो, कारण त्याला खोटं पाडता येत नाही. वसुमती फळीवर वाकली, लुगड्याचा काठ नखानं धरला आणि ओढला. नख मोडलं. दुसरीकडून ओढला. तिथं थर अजून ओला, मधासारखा होता. बोटं माखली, पण लुगडं हललं नाही. मग ती तिथंच वाकलेल्या स्थितीत बोलायला लागली. गेल्या वर्षभरात न लिहिलेली पत्रं तिनं एकदमच वाचून दाखवली. आई गेली त्या दिवशी तुम्ही काय केलंत? घड्याळाला किल्ली दिलीत. तेराव्याला काय केलंत? आचाऱ्याला मीठ कमी म्हणालात. लोक येऊन रडले, शेजारच्या सरोजामामी रडल्या, दूधवाला रडला, आणि तुम्ही? तुम्ही केबल घेतलीत! आईनं तुम्हाला चाळीस वर्षं वाढलं, आणि तुम्ही तिला थर्माकोलवर चिकटवलंत!

शेषगिरीराव ब्रश हातात धरून ऐकत होते. मधे एकदा ते म्हणाले, “वसू, तुझा पदर...”

“माझ्या पदराचं सांगू नका मला!”

हे वीस मिनिटं चाललं. शेवटी बोलायचं सगळं संपलं, तेव्हा तिनं “मी आत्ताच्या आत्ता परत जाते!” म्हणून तरातरा दाराकडे पाऊल टाकलं, आणि कुणीतरी खांद्याला धरून मागे ओढावं तशी ती जागच्या जागी फिरली.

पदराचं टोक फळीवर पडलं होतं. वीस मिनिटांपूर्वी. सुती निळ्या साडीनं रेझिन पोटभर पिऊन घेतलं होतं, आणि सूर्य वर आल्याबरोबर ते दगड झालं होतं. तिनं ओढलं. फळी स्टुलांसकट चार बोटं सरकली.

“तेच सांगत होतो,” शेषगिरीराव म्हणाले.

“बॅग द्या इकडे. तुम्ही मागे अंगणात जा आणि दार लावून घ्या. मी साडी बदलते.”

शेषगिरीराव बॅग आणायला वळले, आणि तेवढ्यात रस्त्याकडचं दार उघडलं. ताराबाई अत्या आठला पोचणाऱ्या बसची वाट पाहत थांबली नव्हती. सातच्या आधी पोचणारी तिला मिळाली होती.

ताराबाई ही शेषगिरीरावांची थोरली बहीण. बहात्तर वर्षांची, काठीसारखी सरळ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा जिवंत असल्याचा तिला फार अभिमान होता. तो अकरा वर्षं अंथरुणावर होता, पण होता. तिच्यामागून चार बायका हळदीकुंकवाच्या ताटल्या आणि फुलांच्या पुड्या घेऊन आत आल्या.

“शेषू,” ताराबाई उंबऱ्यातच थांबली. “आपल्या घरात मासळी कोणी शिजवली?”

“ते हार्डनर, अक्का.”

“कोण ते? तिलाही जेवायला बोलावलंस काय?”

तोवर तिच्यामागून आलेल्या नागलक्ष्मीमामी पुढं सरकल्या होत्या. या मामी त्या पाचांत सर्वांत वडील, ऐंशीच्या, आणि मोतीबिंदू पिकेपर्यंत ऑपरेशन नको म्हणून थांबलेल्या. त्यांना समोर दिसलं ते असं: एक भलामोठा पाट, त्यावर अंथरलेलं मरून नऊवार, आणि शेजारी मान खाली घालून उभी असलेली घरची लेक.

“केवढा पाट केला हो शेषगिरीनं!” मामी गहिवरून म्हणाल्या. “बायकोसाठी असा पाट कोणी केला नाही आजवर. राजम, भाग्याची ग तू!” आणि कोणी काही म्हणायच्या आत त्या खाली वाकून, जमिनीला कपाळ टेकून नमस्कार करून मोकळ्या झाल्या.

आता पंचाईत झाली. ज्या पाटाला वडीलधाऱ्या सवाष्णीनं नमस्कार केला, तो पाट झाला. तो हलवायचा नाही, बदलायचा नाही, त्यावरचं लुगडं काढून दुसऱ्यावर घालायचं नाही. ताराबाईनं जवळ येऊन फळीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, वाकून खाली पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. पण मामी उठून दिवा मागत होत्या.

“दिवा लाव,” ताराबाई दातांवर दात ठेवून म्हणाली. “शेषू, तुज मी मागनं बघते.”

“अत्या,” वसुमती पुटपुटली, “माझा पदर अडकलाय. कात्री दे.”

“कात्री?” ताराबाईचा आवाज चढला. “शुक्रवारी, सवाष्णीच्या अंगावरच्या साडीला कात्री? आईच्या दिव्यापुढं?”

“मग आत जाऊन साडी सोडते.”

“आत जाशील कशी? पदर इथं, तू आत?”

“इथंच सोडते, तुम्ही सगळ्या तोंड फिरवा.”

“दिवा लागला,” ताराबाई म्हणाली. “आता दिव्यापुढं कोणी साडी सोडते काय? शहरात राहून काय काय शिकून आलीस? बैस गप.”

वसुमती बसली. बसली म्हणजे पदर पुरत होता तिथं बसली, फळीला खेटून. अप्पांचं तोंड पाहायचं नाही म्हणून पाठ फिरवावी, तर पदर गळ्याला आवळायचा. तेव्हा तिला फळीकडे तोंड करूनच बसावं लागलं. रागावलेल्या माणसाला निघून जाता आलं नाही, की त्याचं काय करायचं हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. नागलक्ष्मीमामी मात्र म्हणाल्या, “बघा, लेक आईला सोडून हलत नाही.”

पायस होऊ शकलं नाही, कारण उरुळी उरुळी राहिली नव्हती. शेजारच्या सरोजामामींनी आपल्या घरून अल्युमिनियमच्या पातेल्यात करून आणलं, आणि दारात थांबून तमिळमध्ये विचारलं, उरुळीत काय शिजतंय, इतकं घट्ट झालंय ते? “पोळलं,” ताराबाई म्हणाली, आणि विषय बंद केला. वडे झाले, आमटी झाली, भात झाला. फळीच्या नाकापाशी, कडेला, राजमबाईंचं पान मांडलं. त्याला लागूनच दुसरं पान वसुमतीचं, कारण तिला दुसरीकडे जाताच येत नव्हतं. मायलेकींची पानं अशी शेजारी शेजारी मांडली गेली. आईच्या पानावर आधी वाढलं, मग तिच्या. आई जिवंत असताना हे कधी झालं नव्हतं; आई नेहमी शेवटी, एकटी, स्वयंपाकघरात जेवायची.

वसुमतीनं घासभर भात तोंडात घातला. तिनं तो रागानं गिळला.

जेवणं झाली आणि खरा पेच पुढं आला. आता लुगडं घरच्या मुलीनं उचलायचं आणि नेसायचं.

“उचल,” ताराबाई म्हणाली.

“कसं उचलू?”

“हात लाव तरी. लावलास? झालं. आता नेस.”

“अत्या, हे साडेदहा फुटांचं आहे आणि आत थर्माकोल आहे!”

बायकांत कुजबुज झाली. लेकीनं लुगडं नेसलं नाही तर प्रार्थना अर्धी राहते, गेलेली बाई दारात ताटकळते. एक म्हणाली, खांद्यावर घे. दुसरी म्हणाली, मांडीवर घे. तिसरी फळीला टोकापासून टोकापर्यंत न्याहाळत राहिली.

इतका वेळ अंगणाच्या दारातून पाहणारे शेषगिरीराव तेव्हा खाकरले. विधुराला या कार्यात काम नसतं, पण बोलायला बंदी नसावी असं त्यांना वाटलं. “अक्का,” ते म्हणाले, “फळी पाण्याची आहे. उभं राहून वल्हवायची. परवा रविवारी पुदु आरूच्या कालव्यात घालावी म्हणत होतो. पाणी बेताचं आहे.”

ताराबाई सावकाश वळली. “उभं राहून?”

“होय.”

“कोण उभं राहणार?”

“मी.”

“राजमच्या लुगड्यावर पाय देऊन?”

शेषगिरीरावांनी फळीकडे पाहिलं. आठ महिने त्यांनी थर्माकोलचा विचार केला होता, रेझिनचा केला होता, पाण्याच्या वेगाचा केला होता. हा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता. उभं राहायची फळी त्यांनी अशी केली होती, की तिच्यावर कुणालाही उभं राहता येणार नव्हतं.

“उलटी घातली तर?” ते बारीक आवाजात म्हणाले. “खालच्या बाजूला फायबर आहे.”

“म्हणजे माझ्या भावजयीला पाण्यात तोंड खुपसून ठेवायची, आणि वर तू नाचणार!”

“बसून वल्हवलं तर?”

“चाळीस वर्षं तिच्या जिवावर बसूनच खाल्लंस रे, शेषू.”

वसुमतीला बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या बाजूनं बोलत होतं. तिनं सूर लावला, “बरोबर सांगितलंस, अत्या. कुणीच पाय द्यायचा नाही. फळी उभी करून ठेवा कोपऱ्यात. आणि अप्पांनी रोज बघावी.”

तेव्हा नागलक्ष्मीमामी बोलल्या. दिसत नसलं तरी त्यांना ऐकू सगळं येत होतं. “लेकराचा पाय आईला लागला तर दोष नाही,” त्या म्हणाल्या. “पोटात असतानाच लाथा मारतं की. मांडीवर घेतलं की छातीवर पाय देऊन उभं राहतं. लुगडं नेसता येत नाही ना? मग लेकीनं त्याच्यावर उभं राहावं. म्हणजे घेतल्यासारखं झालं. प्रार्थना पुरी.”

ताराबाईनं थोडा विचार केला आणि मान हलवली. “बरोबर आहे. वसूच फक्त उभी राहू शकते. दुसरं कोणी नाही.”

“मी?” वसुमती ताडकन उठली. पदरानं तिला परत खाली बसवलं.

शनिवारी सकाळी ताराबाईनं स्वतःच्या हातानं कात्री चालवली. निळ्या पदराचा टीचभर तुकडा मरून लुगड्यावर कायमचा राहिला. वसुमतीनं तिकीट बदलून रविवार रात्रीचं केलं. फळीवर उभं राहायला नव्हे, असं तिनं चार वेळा सांगितलं; प्रार्थना अर्धी राहायला नको म्हणून. शिवाय ती फळी पाण्यात बुडालेली तिला आपल्या डोळ्यांनी पाहायची होती. अप्पांनी ती बुडताना बघावी, एवढी तिची इच्छा होती.

रविवारी उजाडता सायकलरिक्षावर आडवी टाकून फळी पुदु आरूवर नेली. हा कालवा गावातूनच जातो. आवणी महिना, मेट्टूर धरणाचं पाणी सुटून दोन महिने झालेलं, धुणी धुणाऱ्या बायका पायऱ्यांवर. त्यांनी धुणं थांबवलं. ताराबाई छत्री उघडून वरच्या पायरीवर बसली. नागलक्ष्मीमामींना काही दिसणार नव्हतं, तरी त्या आल्या होत्या.

फळीच्या शेपटीला शेषगिरीरावांनी नारळाच्या काथ्याची दोरी बांधली आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं. “पाय फाकवून उभी राहा. मधल्या सागाच्या पट्टीवर. गुडघे थोडे वाकव. नजर समोर, पायाकडे नोको.”

“मला शिकवू नका. तुम्ही कधी उभे राहिलात?”

“नाही,” ते म्हणाले. “पण बेत पूर्ण केला होता.”

वसुमतीनं साडी खोचली. फळीवर आधी गुडघे टेकले. थरामागून चौकड्या स्पष्ट दिसत होत्या. एके ठिकाणी जुना डाग होता, जिथं ती सहा वर्षांची असताना तिनं दिवाळीला तेल सांडलं होतं आणि मार खाल्ला होता. मग ती एक पाय ठेवून, मग दुसरा ठेवून उभी राहिली. फळी डुलली. बायका “अय्यो!” म्हणाल्या. फळी बुडाली नाही.

ती बुडाली नाही याचा वसुमतीला इतका राग आला, की तिनं वल्हं पाण्यात खुपसून जोरानं मागे ओढलं. फळी पुढं गेली. तिनं पुन्हा ओढलं. आई दिवाळीला घरभर फिरायची तशी ती फळी, न वाजता, सरळ निघाली. काठ मागे पडला. छत्री लहान झाली.

“पाणी दोन फूट!” मागून अप्पांचा आवाज आला. कार्यालयात पट्टी वाचायचे त्याच आवाजात. “अडीच फूट!”

तिनं वळून पाहिलं. दोरी संपली होती, पण शेषगिरीरावांनी ती सोडली नव्हती. फळी पुढं जात होती आणि दोरीमागून ते चालत येत होते. गुडघे कधीच पाण्याखाली गेले होते. वेष्टी फुगून भोवती तरंगत होती.

“अप्पा, मागे व्हा! तुम्हाला पोहता येत नाही!”

“तीन फूट!” ते म्हणाले. “वल्हव तू! तळ सपाट आहे, माझ्याच वहीत लिहिलंय! सव्वातीन! राजम, बघ की, सव्वातीन फूट!”

वसुमतीचं वल्हं थांबलं.

शेषगिरीराव दोरी दोन्ही हातांनी धरून प्रवाहात उभे होते. त्यांचा चेहरा भिजून चिंब झाला होता. पाणी कमरेपर्यंतच होतं.

तिनं ते पाहिलं. मग मान फिरवून, दोन्ही पाय सागाच्या पट्टीवर घट्ट रोवून, ती समोर बघत उभी राहिली.

“दोरी सोडू नका!” ती ओरडली. इतकं चिडून तिनं जन्मात कुणाला काही सांगितलं नव्हतं.